किल्ल्याची किल्ली

असीरगडाविषयी लिहिणारा कोणताही इंग्रज ग्रंथकार घ्या, एका ठराविक शब्दप्रयोगावाचून त्याचे पान पुढे सरकत नाही. हा किल्ला म्हणजे 'की ऑफ द डेक्कन', दक्षिणेची किल्ली. फारसी-उर्दूच्या परंपरेत त्यालाच दख्खनचा दरवाजा म्हटले जाई. दरवाजा आणि किल्ली या दोन वस्तू एकच नव्हेत. एक वाट देते किंवा अडवते, दुसरी ती वाट कोणाच्या हाती आहे हे ठरवते. इंग्रजांनी दरवाजा सोडून किल्ली हा शब्द का उचलला, त्या 'की' शब्दाच्या पोटात काय काय दडले आहे, आणि आपल्या मराठी किल्लीशी त्याचे कितपत जमते, याचा थोडा धांडोळा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम स्थळ पाहू. बऱ्हाणपुराहून खांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे वीस किलोमीटरवर, सातपुड्याच्या एका सुट्या डोंगरावर असीरगड उभा आहे. (सरकारी पाटीवर 'असीरगढ़' असते, आपल्या तोंडी मात्र 'गड'च बसतो.) पायथ्यापासून उंची सुमारे ८५० फूट, माथ्यावरचे क्षेत्र सुमारे ६० एकर. वरचा असीरगड, मधला कमरगड आणि खालचा मलयगड अशी तटबंदीची तीन कडी आहेत. नर्मदेचे खोरे आणि तापीचे खोरे यांच्यामध्ये सातपुडा आडवा पडला आहे. त्यात इथे जी खिंड पडते तीच उत्तरेतून दक्षिणेत उतरण्याची जुनी राजवाट. भुसावळहून खांडव्याला जाणारा लोहमार्गही तीच खिंड धरून जातो. इंदूर-उज्जैनकडची आपली कित्येक कुटुंबे पुण्या-मुंबईहून परतताना वर्षानुवर्षे याच वाटेने आली आहेत. पहाटेच्या डुलकीत असीरगड केव्हा मागे पडला हे पुष्कळांच्या ध्यानातही आले नसेल.

आता शब्दाकडे वळू. इंग्रजी 'की' हा शब्द भाषाशास्त्रज्ञांना एक कोडेच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'कॅग'सारखे होते. पण जर्मन, डच, स्वीडिश या सख्ख्या बहिणींच्या घरी शोध घेतला तर तिथे किल्लीला वेगळेच शब्द आहेत. समुद्रापलीकडच्या फ्रिसियन भाषेत तेवढे याचे एक भावंड सापडते. त्यापलीकडे वंशावळ लागत नाही. जगातली सारी कुलुपे उघडणाऱ्या वस्तूच्या नावाचेच कुलूप अजून उघडलेले नाही, असे म्हणावयास हरकत नाही. दुसरी मौज उच्चाराची. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा शब्द बहुतेक इंग्रज 'के' असा उच्चारीत, म्हणजे 'डे' किंवा 'वे' यांच्या यमकात. पुढे उच्चार बदलून 'की' झाला. स्पेलिंग मात्र जुनेच राहिले. शाळेत या स्पेलिंगवरून ज्यांनी छड्या खाल्ल्या असतील त्यांनी हे जाणून थोडे समाधान मानावे.

लॅटिनमध्ये किल्लीला 'क्लाविस' म्हणतात, आणि खिळ्याला 'क्लावुस'. दोन्ही शब्द एकाच धातूतून निघाले आहेत. कारण उघड आहे. आरंभी कुलूप हे यंत्र नव्हतेच. दाराला आतून एक लाकडी खुंटी, आणि बाहेरून ती सरकवण्यासाठी दुसरी आकडेवजा खुंटी. ही दुसरी खुंटी म्हणजेच जगातली पहिली किल्ली. या 'क्लाविस'ची संतती इंग्रजीत फार विखुरली आहे. गळ्याखालच्या हाडाला डॉक्टर 'क्लॅव्हिकल' म्हणतात, ते लॅटिनमधले 'किल्लीचे पिल्लू'. नव्या पोपची निवड ज्या सभेत होते तिला 'कॉन्क्लेव्ह' म्हणतात, म्हणजे किल्लीने बंद केलेली खोली. १२६८ पासून जवळजवळ तीन वर्षे इटलीतल्या व्हितेर्बो गावी कार्डिनलांचे एकमत होईना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना कोंडून घातले होते; ती आठवण या शब्दाने जिवंत ठेवली आहे.

आता आपल्या मराठीकडे या, म्हणजे आश्चर्य वाटेल. आपली 'किल्ली' संस्कृत 'कील' या शब्दाकडून आली, आणि कील म्हणजे खुंटी, मेख. त्याच 'कील'पासून आपला 'खिळा' झाला आणि 'खीळ'ही झाली. रोमन माणसाने जसे खिळ्यापासून किल्लीला नाव दिले तसेच, त्याला न विचारता, आपल्या पूर्वजांनीही दिले. 'क्लाविस' आणि 'कील' यांचे धातू एक आहेत असे मुळीच समजू नये. एक आहे ती कल्पना. आणि मराठीची खरी गंमत पुढेच आहे. कामाला 'खीळ बसते' तेव्हा ते अडते, आणि 'किल्ली सापडते' तेव्हा ते सुटते. अडवणारी आणि सोडवणारी, दोघी एकाच आईच्या लेकी.

खुंटी या अर्थाने 'किल्ली' हिंदीत अजून नांदते. दिल्लीची आख्यायिका पुष्कळांनी ऐकली असेल. तिथला लोहस्तंभ म्हणजे वासुकीच्या मस्तकात ठोकलेली मेख, असे ब्राह्मणाने राजा अनंगपालाला सांगितले. राजाला राहवेना, त्याने ती उपटवून पाहिली, तो टोकाला रक्त! पुन्हा बसवली, पण किल्ली ढिली ती ढिलीच राहिली, आणि शहराचे नाव 'ढिल्ली' पडले. व्युत्पत्ती म्हणून हे टिकणारे नाही, पण किल्ली म्हणजे मूळची मेख हे ज्ञान लोककथेने नेमके जपले आहे.

मग किल्ला आणि किल्ली यांचे काय? कानाला तर दोघे नवरा-बायकोच वाटतात, आणि असीरगडाला 'दक्षिणेची किल्ली' म्हणताना मराठी माणसाला यमकाचा मोह आवरत नाही. परंतु नाते नाही. 'किल्ला' हा अरबी 'कल्अ' या शब्दावरून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, किल्ली घरचीच. फारसीत किल्लीला 'किलीद' म्हणतात. तोही आपल्या किल्लीसारखाच ऐकू येतो, पण त्याचे माहेर ग्रीक भाषेत आहे. तीन सारखे चेहरे, तीन निराळी कुळे! नुसत्या कानावर विसंबून व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे.

आपल्या भागात किल्लीला आणखी दोन नावे आहेत. एक 'कुंजी'. संस्कृत 'कुञ्चिका' म्हणजे वाकडी केलेली, आकड्याची वस्तू. किल्ली सरळ मेखेवरून आली, कुंजी वाकड्या आकड्यावरून. नवरात्रात सप्तशतीबरोबर सिद्धकुंजिकास्तोत्र म्हटले जाते, ते या अर्थाने सप्तशतीची किल्ली होय. हिंदी मुलखातल्या शाळेत मात्र कुंजी म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायचे पुस्तक. त्या कुंजीने काय उघडते ते मास्तरांनाच ठाऊक.

दुसरे नाव 'चावी', हिंदीत 'चाबी'. हा शब्द पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत किल्लीला 'शाव्ही' म्हणतात आणि तोही त्या लॅटिन 'क्लाविस'चाच वंशज. एखादे मराठी दार नीट न्याहाळून पाहा. 'दार' संस्कृत द्वारावरून, 'दरवाजा' म्हटले तर फारसी, 'कुलूप' अरबी 'कुफ्ल'चे उलटसुलट झालेले रूप, 'बिजागरी' पोर्तुगीज, 'चावी' पोर्तुगीज, आणि त्या दारामागे माणूस कोंडला तर 'तुरुंग', तोही शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेला. फिरंग्यांनी आपल्याला पाव आणि बटाटा दिला हे सर्व सांगतात. कोंडण्या-उघडण्याचा निम्मा शब्दसंग्रह दिला हे कोणी सांगत नाही.

आणि हे फिरंगी खुद्द असीरगडावरही होते. १६०० साली अकबराने गडाला वेढा घातला तेव्हा आत फारुकी राजा बहादूरखानाच्या चाकरीत काही पोर्तुगीज गोलंदाज होते. बाहेर अकबराच्या छावणीत जेरोम झेवियर हा जेझुइट पाद्री होता. चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा आणवून द्या, अशी मागणी बादशहाने त्याच्याकडे केली. पाद्र्याने नकार दिला आणि बादशहाचा रोष पत्करला. जेझुइटांच्या वृत्तांतानुसार, शपथेवर भेटीस बोलावलेल्या बहादूरखानाला अकबराने परत जाऊ दिले नाही. तरीही गड वाकेना. शेवटी बादशहाने किल्ल्यातल्या सरदारांना पैसा चारला, आणि १७ जानेवारी १६०१ रोजी दारे उघडली. अबुल फजल मात्र सांगतो की आत रोगराई पसरली होती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असावयास काही हरकत नाही. रोगराईने गांजलेला माणूस पैशालाही लवकर वश होतो. या विजयाप्रीत्यर्थ अकबराने असीरच्या टांकसाळीत ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहोर पाडविली. सोन्याने घेतलेल्या किल्ल्याचे स्मारक सोन्यातच व्हावे, हे योग्यच म्हणावयाचे.

असीरगड 'सोन्याच्या किल्ल्यांनी' उघडला, असे इंग्रजी इतिहासग्रंथांत म्हणण्याची रीत येथून पडली. सोन्याची किल्ली कोणतेही दार उघडते, अशा अर्थाची म्हण त्या भाषेत आधीपासूनच आहे. पण ही किल्ली असीरगडाला एकदाच लागली असे नाही. १७२० मध्ये निजाम-उल्-मुल्क नर्मदा उतरून दक्षिणेत आला, तेव्हा त्यानेही हा गड तोफ न डागता, पैशाच्या बळावर घेतला. आतल्या शिबंदीचा पगार थकलेला होता. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर जो तह झाला त्यात दौलताबाद, बऱ्हाणपूर यांच्याबरोबर असीरगड मराठ्यांकडे आला. तोही लढून नव्हे, तहाच्या कलमाने. पुढे तो शिंद्यांकडे गेला. १८०३ मध्ये असईच्या लढाईनंतर कर्नल स्टीव्हन्सन गडाखाली येऊन थडकला. २१ ऑक्टोबरला शिंद्यांच्या शिबंदीने गड खाली केला. अटी काय होत्या? आपापली चीजवस्तू घेऊन सुखरूप जाऊ द्यावे, आणि थकलेल्या पगारापोटी २०,००० रुपये द्यावेत. अवघे वीस हजार! त्याच वर्षाच्या अखेरीस सुर्जी-अंजनगावच्या तहाने इंग्रजांनी गड शिंद्यांना परत दिला. पण ही किल्ली किती रुपयांना येते हे त्यांना एव्हाना कळून चुकले होते.

इतिहासकार अशा प्रसंगांना फितुरी म्हणून मोकळे होतात. मला हा शब्द फार सोपा वाटतो. गडाची किल्ली किल्लेदाराच्या कमरेला असते, पण कडीला हात असतो तो पहाऱ्यावरच्या शिपायाचा, आणि त्या शिपायाच्या घरी चूल पेटलेली नसेल तर कुलूप कितीही भक्कम असून उपयोग नाही. १७२० आणि १८०३ या दोन्ही वेळा गडाचे दार ज्या मेखेवर उभे होते ती मेख म्हणजे थकलेला पगार होता. बाहेरच्याने फक्त ती उपटली.

१८१९ चा प्रसंग मात्र वेगळा, आणि तो आपल्या लोकांनी विसरू नये असा आहे. नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन निसटले होते, आणि असीरगडाने त्यांना आसरा दिला असा वहीम होता. किल्लेदार होते शिंद्यांचे यशवंतराव लाड. दौलतराव शिंदे वरकरणी इंग्रजांचे दोस्त. त्यांनी गड सोडण्याचा हुकूमही दिलेला. लाडांनी तो मानला नाही. डव्हटन आणि माल्कम या दोन सेनापतींच्या फौजांनी १८ मार्चला खालची पेठ घेतली आणि तोफा लावल्या. मध्यंतरी इंग्रजांच्याच मोर्चातले दारूचे कोठार उडून त्यांचे पुष्कळ शिपाई मेले. तीन आठवडे तट ढासळत राहिला. आतली दारू संपत आली तेव्हा ९ एप्रिल १८१९ रोजी लाडांनी गड दिला. पेशवाई बुडाल्यावरही झुंजत राहिलेला हा शेवटचा मोठा किल्ला. पुढे शिंद्यांचे गुप्त पत्र हाती आले. आप्पासाहेब सांगतील तसे करावे, असा त्यात किल्लेदाराला हुकूम होता. म्हणजे धन्याने एका हाताने किल्ली देऊ केली होती आणि दुसऱ्या हाताने खीळ घालण्यास सांगितले होते. किल्लेदाराने खरा हुकूम कोणता ते ओळखले. या पत्राचे निमित्त करून इंग्रजांनी असीरगड कायमचा आपल्याकडे ठेवला.

असो. इंग्रजी 'की'ची व्याप्ती एवढ्यावर संपत नाही. मोक्याच्या जागेला किल्ली म्हणण्याची युरोपची रीत जुनी. जिब्राल्टर शहराला राणी इसाबेलाने १५०२ मध्ये जे राजचिन्ह दिले, त्यात एक किल्ला आहे आणि त्याच्या दारातून सोन्याची किल्ली लोंबते आहे. भूमध्य समुद्राचे दार उघडणारी. त्या अर्थाने 'की पोझिशन', 'की मॅन', 'की इंडस्ट्री'. बाजाची पट्टी ती 'की'. तिच्यावरून 'की-नोट' म्हणजे मूळ सूर, आणि सूर खाली ठेवून केलेले ते 'लो-की'. नकाशाच्या कोपऱ्यातली खुणांची सूची 'की', परीक्षेतली उत्तरांची यादीही 'की', गुप्त लिपी सोडविण्याची युक्तीही 'की'. आईवडील कामावर गेल्याने गळ्यात घराची किल्ली अडकवून शाळेतून परतणारे मूल ते 'लॅच-की चाइल्ड'. हा शब्द विलायतेत जन्मला, पण त्याचा अर्थ आपल्या सदनिकांतून आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

यांतले प्रत्येक मराठीत आणताना आपण किल्लीच वापरावी काय? मुळीच नको. मराठीची चाल निराळी आहे. 'की पोझिशन'ला आपल्याकडे 'मोक्याची जागा' हा उत्तम शब्द आहे. कारभार ज्याच्या हाती त्याच्याकडे 'सूत्रे' असतात, 'दोऱ्या' असतात, फार तर 'नाड्या' असतात. आणि एखाद्यावर पकड असेल तर त्याची 'शेंडी हातात' असते. कीबोर्डला 'कळफलक' रूढ झाला तो 'कळ' या शब्दावरून, आणि त्यावरूनच 'कळीचा मुद्दा'. मात्र 'कळीचा नारद' हा त्या कळीतला नव्हे. तो भांडणाच्या कळीतला, आणि पोटात येते ती कळ तिसरीच. 'की-नोट अॅड्रेस'ला 'बीजभाषण' म्हणतात. शब्द नेटका आहे, फक्त त्या बीजातून पुष्कळदा काही उगवत नाही.

उलटपक्षी मराठी किल्ली जिथे जाते तिथे इंग्रजी 'की' पोचत नाही. आपण घड्याळाला 'किल्ली देतो'. इंग्रज ते 'वाइंड' करतो, पिळतो. किल्लीची आगगाडी फरशीवर सुटावी तसा एखादा माणूस बोलत सुटला की आपण म्हणतो, याला कोणीतरी किल्ली दिलेली दिसते. 'चावी मारणे' हे त्याचेच जरा उनाड भावंड. मुंबई-पुण्यात रस्त्याखालच्या पाण्याच्या झडपेलाही 'चावी' म्हणतात, आणि ती सोडणाऱ्या माणसाची वाट सारी आळी पाहते. यशाची, आरोग्याची, सुखी संसाराची 'गुरुकिल्ली' तर मासिकांना वर्षभर पुरते. आणि सर्वांत भारी ती कमरेच्या छल्ल्याची किल्ली. सासूने किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती दिला, एवढ्या एका वाक्यात एका घराचे सत्तांतर सांगून होते. रोमनांच्या जुन्या कायद्यातही बायकोला टाकताना नवरा तिच्याकडून घराच्या किल्ल्या काढून घेई, असे सिसेरोच्या लेखनावरून कळते. इंग्रजीत मात्र किल्लीचा हा घरगुती अधिकार म्हणींतून फारसा उरलेला नाही.

आपल्या घरांतून 'किल्ली' हळूहळू मागे सरते आहे, हे मान्य केले पाहिजे. आजी किल्ली मागते, आई चावी म्हणते, मुले शेजाऱ्यांबरोबर चाबी म्हणतात आणि स्कूटरची म्हटली की 'की'. चावीला माझा विरोध नाही. चार शतके राहिलेला पाहुणा घरचाच होतो. पण 'किल्ली' गेली तर तिच्याबरोबर खिळा आणि खीळ यांच्याशी असलेला तिचा जिव्हाळाही जाईल, आणि घड्याळाला 'की देणे' मराठीत कधी बसणार नाही. वाक्य अर्ध्यातच थांबल्यासारखे वाटते: दिली की... काय?

शेवटी इंग्रजीतला एक जोडशब्द राहिला: 'अंडर लॉक अँड की', कडीकुलपात बंद. असीरगडाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरला. असा अहीर या गवळी राजाच्या नावावरून गडाचे नाव पडले अशी कथा आहे. पण अरबी-फारसीत 'असीर' या शब्दाचा अर्थ कैदी असाही होतो, आणि फारुकी राजे आपल्या भाऊबंदांना याच गडावर अडकवून ठेवीत, असे जेझुइट लिहितात. इंग्रजांनी तोच अर्थ चालू ठेवला. ओडिशातल्या संबळपूरच्या गादीचे हक्कदार सुरेंद्र साय यांना त्यांनी १८४० मध्ये हजारीबागच्या तुरुंगात टाकले. १८५७ च्या बंडवाल्यांनी तिथली दारे फोडली तेव्हा ते बाहेर आले, डोंगरात राहून पाच वर्षे लढले, १८६२ मध्ये शरण आले आणि १८६४ मध्ये पुन्हा धरले गेले. आयुष्याची जवळजवळ सदतीस वर्षे त्यांनी कैदेत काढली. घरापासून शेकडो कोस दूर, ज्या मुलखात त्यांची भाषा बोलणारे कोणी नाही अशा या गडावर, १८८४ मध्ये त्यांचा अंत झाला. दक्षिणेची किल्ली तोवर निरुपयोगी झाली होती. १८७० मध्येच खालून मुंबई-कलकत्ता आगगाडी धावू लागली होती आणि खिंड अडवून धरण्यात कोणालाच अर्थ उरला नव्हता. गडाला काम राहिले ते कुलपाचे.

आज गड पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. वर एक मशीद आहे, तटांचे अवशेष आहेत, एक शिवमंदिर आहे. अश्वत्थामा रोज पहाटे तिथे पूजेला येतो, पहिला माणूस पोचण्याआधी पिंडीवर फूल वाहिलेले असते, अशी आसपासच्या गावकऱ्यांची श्रद्धा आहे. तो कोणत्या दरवाज्याने येतो असे तिथे कोणी विचारीत नाही.